पाचातली एक चूक

सेडार फोर्क, नेब्रास्का
१० जानेवारी १९९३

प्रिय लेलंड,

नाताळचे तुझे कार्ड पोहोचले. उत्तराला उशीर झाला, त्याबद्दल रागावू नकोस. आज लिहिण्यास एक निमित्तही मिळाले आहे.

शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली एमिलची शेव्हेल तुला आठवत असेलच. तू सुट्टीला गावी आलास की तुम्ही दोघे चुलतभाऊ दिवसच्या दिवस तिच्याखाली पाठीवर पडलेले असायचात आणि जेवायला हाका मारून माझा घसा बसायचा. सत्तर सालची ही गाडी पुन्हा चालती करावी, असे एमिलने ठरवले आहे. तो कामात असल्यामुळे त्याचे प्रश्न मी लिहून पाठवते.

इंजिन जाम झाले आहे. किल्ली फिरवली तर नुसता खट्ट आवाज येतो. कार्बोरेटरवरच्या डब्यात उंदरांनी घरटे केले आहे. इंजिनाच्या अगदी पुढे, पट्ट्याच्या चाकाच्या मध्यभागी जो मोठा बोल्ट आहे, तो कोणत्या दिशेने फिरवावा? आणि आधी काय उघडावे?

एक प्रश्न मात्र खास माझा. जे यंत्र इतकी वर्षे काहीही काम करत नव्हते, ते बिघडावे कशाने? न वापरलेली वस्तू झिजू नये, असे मी आजवर धरून चालले होते.

तुझी,
आर्डिथ


यप्सिलांटी, मिशिगन
१९ जानेवारी

प्रिय आर्डिथ,

आधी तुझा प्रश्न, कारण तोच सगळ्यांत शहाणा आहे. चालत्या इंजिनाला तेल वाचवतं. उभं राहिलं की तेल हळूहळू खाली ओघळतं, पिस्टनच्या कड्या उघड्या पडतात आणि गंज त्यांना भिंतीला चिकटवून टाकतो. नुसतं बसणं हेच त्याचं दुखणं.

म्हणून किल्लीला आता हातही लावू नका. आठही प्लग काढा. गिअरबॉक्सचं तांबडं तेल आणि नखांचा रंग काढायचं ॲसिटोन निम्मं-निम्मं मिसळा, प्रत्येक भोकात थोडं ओता आणि आठवडाभर विसरून जा. मग पुढच्या त्या बोल्टवर लांब दांड्याचा पाना घालून घड्याळाच्या दिशेने रेटा. झटका नाही, नुसता भार द्यायचा. हलल्यासारखं वाटलं की थोडं उलट, पुन्हा थोडं सुलट. दार किलकिलं करतो तसं.

काहीही उघडण्याआधी फोटो काढा. सुटणारा प्रत्येक बोल्ट अंड्यांच्या पुठ्ठ्यात, ज्या क्रमाने सुटला त्याच क्रमाने ठेवा. चिंधीत गुंडाळलेलं लोहचुंबक दरवाज्यांच्या खालच्या कडेवरून फिरवा. जिथे चिकटणार नाही तिथे पत्रा नाही, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली आहे. तिथेच रडायची तयारी ठेवा.

आता माझा प्रश्न. बोल्ट कुठल्या दिशेने फिरवायचा हे तुझा नवरा मला विचारतोय? तुझ्या बापाच्या गोठ्यात मला पाना धरायला शिकवणारा एमिल? आर्डिथ, खरं सांग, विचारतंय कोण?

लेलंड


सेडार फोर्क
३१ जानेवारी

प्रिय लेलंड,

विचारणारी मीच आहे.

ऑक्टोबरमध्ये एमिलला पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. तुला कळवले नाही, कारण तू पहिल्या विमानाने आला असतास आणि तशा अवस्थेत तू त्याला पाहावेस, हे त्याला आवडले नसते. हे मी त्याच्या वतीने ठरवले. हल्ली सर्वच गोष्टी मी त्याच्या वतीने ठरवते.

त्याला किती समजते, हे डॉक्टरांना सांगता येत नाही. आमची जोलीन म्हणते, "आई, काहीच समजत नाही त्यांना. तू उगाच आशा धरून बसलीयेस." तिने ओमाहाच्या एका शुश्रूषागृहात त्याच्यासाठी जागा मागितली आहे, ईस्टरनंतर ती मिळेल. तिथे गेलेला माणूस कोपऱ्यातल्या खुर्चीपुरता उरतो, असे मी ऐकून आहे. त्याच्या आत एमिल अजून आहे की नाही, एवढे मला तोवर कळायला हवे. नसेल तर मी त्याला जाऊ देईन. असेल तर त्याला न विचारता पाठवायचा आपल्याला काय अधिकार?

म्हणून मी गाडीवरची ताडपत्री काढली. मी आणि शेजारचा गॉर्डन काम करतो आणि एमिलची चाकांची खुर्ची शेगडीपाशी लावून ठेवतो. तुझ्या औषधाने इंजिन हलले, लेलंड! माझ्या दोन्ही हातांखाली काहीतरी जड, आखूड निःश्वासासारखे सरकले. पस्तीस वर्षे शाळेत नकाशे शिकवताना असा आनंद मला झाला नव्हता.

परंतु माझे गाडीला हात लावणे एमिलला सहन होत नाही, असे दिसते. तो डाव्या मुठीने खुर्चीचा हात ठोकतो. परवा वरच्या भागाचे बोल्ट काढून मी एकाच डब्यात टाकले, तेव्हा त्याने ठोकले. काल इंजिन धुण्यासाठी पाण्याची नळी आणली, तेव्हा तर खुर्ची उलटते की काय असे वाटले. मी नळी टाकून दिली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले.

आर्डिथ


यप्सिलांटी
९ फेब्रुवारी

प्रिय आर्डिथ,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि गॅरेज दुपारीच बंद केलं.

आता नीट ऐक. त्या वरच्या भागाचे बोल्ट आखूडही असतात आणि लांबही. मिसळले तर संपलं. आणि कार्बोरेटरचं तोंड उघडं असताना तू नळी घेऊन निघाली होतीस? मी तिथे असतो तर खुर्ची नसती ठोकली, बूट फेकला असता. आर्डिथ, तो तुझ्यावर चिडलेला नाही. तू चुकतेस तेव्हा तो ठोकतोय.

पण मीही त्याचा भाऊच. मलाही आशा आंधळं करू शकते. दोनदा जमलं, तर योगायोग म्हणून सोडून देता येतं. म्हणून आपण परीक्षा घेऊ. खाली पाच सूचना लिहितोय. चार बरोबर, एक मुद्दाम चुकीची. कुठली ते वेगळ्या बंद पाकिटात आहे. ते आधी फोडायचं नाही. सूचना तू वाचायच्या नाहीत, जोलीनने वाचायच्या. तुझ्या चेहऱ्यावर सगळं छापून येतं, पण तिला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. ईस्टरच्या आधी ती येईल तेव्हा करा. तोवर ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं ओतीव धड, बाहेर काढून ठेवा.

पहिली. सुटणाऱ्या प्रत्येक वायरला चिकटपट्टी लावून त्यावर नाव लिहा.

दुसरी. लेथवाल्याला सांगा, ब्लॉकची वरची दोन्ही तोंडं मागपासून पुढच्या टोकापर्यंत घासून आरशासारखी सपाट करून दे.

तिसरी. नवा कॅमशाफ्ट बसवताना त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर काळं वंगण जाड फासा, कंजूसपणा नको.

चौथी. पहिल्यांदा सुरू करण्याआधी ड्रिलने तेलाचा पंप फिरवा, तेल वरपर्यंत चढलेलं डोळ्यांनी पाहा.

पाचवी. सुरू झाल्यावर वीस मिनिटं रेस देऊ नका. अगदी हळू चालू द्या, म्हणजे नव्या भागांना जपून एकमेकांची सवय होते.

लेलंड


सेडार फोर्क
२२ मार्च

प्रिय लेलंड,

काल परीक्षा झाली. घडले ते क्रमानेच लिहिते, कारण माझे मन अजून थाऱ्यावर नाही.

जोलीन नाखुशीनेच शेडमध्ये आली. "लेलंडकाका म्हातारा झालाय आणि तूही," असे म्हणून तिने कागद घेतला. मी एमिलच्या पाठीमागे, त्याला दिसणार नाही अशी उभी राहिले.

पहिल्या सूचनेला तो स्वस्थ होता. दुसरीला त्याने ठोकले. तिसरीला आणि चौथीला काही नाही. पाचवीला त्याने इतक्या जोराने ठोकले की गॉर्डनच्या हातातला पाना खाली पडला.

मी पाकीट फोडले. आत लिहिले होते: "पाचवी. फक्त पाचवी."

"झालं समाधान?" जोलीन म्हणाली. "पाचात दोनदा ठोकलं. अंधारात दगड मारत राहिलं की एखादा लागतोच, आई."

पण एमिल थांबेना. तो ठोकतच राहिला आणि मग त्याने डावा हात ब्लॉककडे उचलला. गॉर्डनने खुर्ची पुढे ढकलली. ब्लॉकच्या उजव्या तोंडाच्या अगदी पुढच्या टोकाशी करंगळीएवढी एक सपाट पट्टी आहे, तीवर त्याने अंगठा टेकवला आणि मळ घासू लागला. त्याच्या अंगठ्यात जोर नाही. जोलीनने स्वतःच चिंधी घेतली.

"आकडे आहेत इथे. ठोकून उमटवलेले."

"वाच."

तिने वाचले. एमिलने हात गाडीच्या पुढच्या काचेकडे केला. काचेच्या आत, स्टिअरिंगच्या बाजूला एक लहान पट्टी असते. मी बाहेरून वाकून तिच्यावरचे शेवटचे आकडे वाचले. ते तेच होते! हे इंजिन याच गाडीत जन्मले, याचा तो एवढाच पुरावा. आणि तुझ्या दुसऱ्या सूचनेप्रमाणे पुढच्या टोकापर्यंत घासले असते, तर तो पुरावा धातूच्या भुशाबरोबर उडून गेला असता.

लेलंड, चुका दोन होत्या. एक तू मुद्दाम केलीस आणि दुसरी तुझ्या नकळत झाली. त्याने दोन्ही पकडल्या.

जोलीन उलट्या बादलीवर बसली. "म्हणजे ऑक्टोबरपासून हे सगळं ऐकतायत?" ती म्हणाली. "मी यांच्यासमोर काय काय बोललेय, आई. डायपरचं. खर्चाचं. परवा फोनवर नवऱ्याला म्हटलं, बाबा गेलेच आता, उरलंय ते..." तिने त्याच्याकडे पाहिले. सोळाव्या वर्षी तिने ट्रक फाटकावर घातला होता, तेव्हा एमिलने तिच्याकडे ज्या नजरेने पाहिले होते, नेमक्या त्याच नजरेने तो तिच्याकडे पाहत होता. "असं नका ना बघू, बाबा," ती म्हणाली आणि रडता रडता हसू लागली.

एक गोष्ट मी तुला कळवली नव्हती. फेब्रुवारीत त्याला उचलताना मी घसरले आणि आम्ही दोघेही न्हाणीघरात पडलो. गॉर्डन येईपर्यंत फरशीवर तसेच पडून होतो. माझ्या पाठीचा मणका सरकला आहे. जोलीनची घाई त्यामुळे आहे. ती दुष्ट नाही.

आर्डिथ


यप्सिलांटी
२७ मार्च

प्रिय आर्डिथ,

हरलो. एवढ्या आनंदाने मी आजवर कधी हरलो नव्हतो.

आम्ही शर्यतवाले. इंजिन हातात आलं की आधी तोंडं घासायची, ही आमची सवय. आकड्यांनी गाडी पळते थोडीच? जुन्या गाड्या जशाच्या तशा जपायचं वेड पुढे आलं, तेव्हा मी शिकणं सोडून दिलं होतं. एमिलने सोडलं नव्हतं. लेथवाल्याला सांग, ती पट्टी सोडून काय ते घास.

तू विचारशीलच, म्हणून पाचवीचं सांगतो. कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर टेकणाऱ्या टॅपेटचं बूड सपाट दिसतं, पण मध्ये किंचित फुगीर असतं. कॅमचा उंचवटा किंचित तिरका. त्यामुळे टॅपेट दाबलाही जातो आणि गोलही फिरतो. नवे असताना दोघांनी एकमेकांना घासून आपली जागा करून घ्यायची असते. ते फेऱ्यांच्या जोरावरच होतं, आणि तिथलं तेलही फिरत्या दांड्याने उडवलं तरच पोहोचतं. काळजीपोटी हळू चालवलं की कॅम पहिल्याच दिवशी मरतो. सुरू झाल्याक्षणी दोन हजार फेऱ्यांवर न्यायचं आणि वीस मिनिटं खाली आणायचं नाही. मायेने किती चांगली इंजिनं मेलीत म्हणून सांगू!

आता एकच उरलं. ओमाहाचं त्याला विचारा. तुझी पाठ सरकली असली तर माणूस ठेवा, मी पैसे पाठवतो. तो काय ठोकेल ते मला आत्ताच माहीत आहे. त्या घरात तो जायचा नाही.

लेलंड


सेडार फोर्क
१३ एप्रिल

प्रिय लेलंड,

ईस्टरच्या जेवणानंतर विचारले. जोलीननेच विचारले, तुझ्या सूचनांच्या चालीवर.

"पहिलं. तुम्ही ओमाहाला यायचं, माझ्या घराजवळ."

तो स्वस्थ बसला.

"दुसरं. इथेच राहायचं, आई उचलेल."

त्याने ठोकले.

"तिसरं. इथेच राहायचं, माणूस ठेवायचा. लेलंडकाका पैसे देतोय."

त्याने आणखी जोराने ठोकले.

स्वस्थ राहण्याचा अर्थ होकारच असेल असे नाही, म्हणून मी तिला प्रश्न उलटा विचारायला लावला. "ओमाहाला जायचं नाही, बरोबर?" त्याने ठोकले. मग ती म्हणाली, "गाडी विकून टाकायची," तेव्हा त्याच्या ठोक्याने प्लेटमधले 'कोलाची', म्हणजे गोड पाव, जमिनीवर गेले.

मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. बोलू न शकणाऱ्या माणसाशी अबोला धरणे किती हास्यास्पद असते, हे मला या दोन दिवसांत कळले. एवढा खटाटोप मी त्याला घरी ठेवण्यासाठी केला होता आणि तोच जायला निघाला होता. आज सकाळी मी त्याला विचारले, "मला टाकून चाललास?" त्याने हात उचलला, पण ठोकले नाही. तोच हात त्याने माझ्या कमरेमागे, नेमक्या दुखऱ्या मणक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

न्हाणीघरात मी पडले, तेव्हा तोही तिथेच पडलेला होता, हे मी विसरले होते.

जोलीनने जागा जूनपर्यंत धरून ठेवायला सांगितली आहे. गाडी आधी पुरी व्हायची, ही त्याची अट. मी विचारले आणि त्याने ठोकले नाही.

आर्डिथ


यप्सिलांटी
२० एप्रिल

प्रिय आर्डिथ,

त्याच्याबाबतीत मी पुन्हा चुकलो. तो आहेच तसा. नेहमी आपल्याआधी हिशेब केलेला असतो.

नवा कॅम, टॅपेट आणि काळं वंगण पार्सलने पाठवलंय. सुरू करण्याआधी कार्बोरेटरमध्ये पेट्रोल भरून ठेवा, म्हणजे स्टार्टर मारत बसायला नको. पाण्याची नळी जवळ ठेवा (आता चालेल). एकाने तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवायचा, एकाने खाली तेल गळतंय का पाहायचं. आणि रेसवर पाय तुझा नको. तू मध्येच सोडशील.

लेलंड


ओमाहा
१४ जून

प्रिय लेलंड,

हे पत्र मी जोलीनच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे.

मागच्या शनिवारी इंजिन सुरू केले. रेसवर पाय एमिलचा होता. गॉर्डनने त्याला उचलून स्टिअरिंगमागे बसवले आणि त्याने डावा पाय उजवीकडच्या पॅडलवर नेला. किल्ली मी फिरवली. काही क्षण नुसती घरघर झाली, आणि मग जे झाले त्याला आवाज म्हणता येणार नाही. शेडचे पत्रे थरथरले, खिळ्यांवरचे पाने खाली पडले. जोलीन एका कानावर हात ठेवून काट्याचे आकडे ओरडून सांगत होती. एक्झॉस्ट तापून जुन्या तेलाचा धूर निघू लागला. निम्मा वेळ झाला असेल, तेव्हा मी खिडकीशी वाकून ओरडले, "एमिल, पुरे! जरा हळू कर, फुटेल ते!"

त्याने माझ्याकडे पाहिलेही नाही. पाय तसूभरही हलला नाही. वीस मिनिटे पूर्ण झाल्यावर त्याने तो हळूहळू उचलला आणि इंजिन संथ, एकसारखे बोलू लागले. एमिलची कॉलर घामाने भिजली होती. तो हसत होता. एकाच बाजूने, पण हसत होता.

गाडीला रंग अजून लागलेला नाही. राखी अस्तराच्या रंगातच काल आम्ही तिला घेऊन ओमाहाला आलो. मी चालवली. तो शेजारी बसला होता. वाटेत दोन पेट्रोलपंपांवर माणसे काम सोडून बॉनेट उघडून पाहायला आली आणि एका आजोबांनी एमिलला विचारले, "आकडे जुळतात का हो?" जोलीनने मागच्या सीटवरून ते तोंडपाठ म्हणून दाखवले.

शुश्रूषागृहात एक हसतमुख, गोलसर बाई कॉफी घेऊन आली. एमिलच्या डोक्यावरून माझ्याकडे पाहून तिने विचारले, "हे साखर घेतात ना? किती घालू?"

माझ्या तोंडात "दोन चमचे" आलेच होते.

"आईला नका विचारू," जोलीन म्हणाली. "त्यांनाच विचारा. चुकलात तर ते ठोकतील."

बाई जरा गोंधळली. मग गुडघे वाकवून त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आली. "एमिल, साखर घालू?"

त्याने ठोकले.

बाईने बिनसाखरेचा कप त्याच्या डाव्या हातात दिला. तो शांतपणे प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत. लेलंड, लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी त्याच्या कॉफीत दोन चमचे साखर घालत आले आहे.

तुझी,
आर्डिथ